काळी तार म्हणजे ग्राउंड नव्हे : एका तीनरंगी लेझर ड्रायव्हर बोर्डाचं प्रकरण

कार्तिक उजाडला की वेंगुर्ल्याच्या आजूबाजूला जत्रांचे दिवस सुरू होतात आणि माझ्या दुकानात मिक्सर-पंख्यांच्या जोडीला दशावताराचं सामान येऊ लागतं. जळलेले अ‍ॅम्प्लिफायर, धुराची मशिनं, हॅलोजनचे फिटिंग. गेल्या हंगामात एका मंडळाचे ट्रिकसीन करणारे आबा एक पत्र्याची पेटी घेऊन आले. पेटीत लाल, हिरवा आणि निळा असे तीन लेझर. शंकराचा तिसरा डोळा उघडतो किंवा विष्णूचं चक्र सुटतं, तेव्हा मागच्या पडद्यावर फिरणारी नक्षी हीच पेटी पाडते.

"ह्यां बघ रे. तांबडो गेलो, हिरवो-निळो पेटणा नाय. एकादशीक नाटक आसा," आबा म्हणाले.

एकादशीला नऊ दिवस होते. पेटी आधी दुसऱ्या एका दुरुस्तीवाल्याकडे जाऊन आली होती. तारा कापून परत जोडलेल्या, आणि सगळ्या जोडांवर एकाच काळ्या टेपचे वेढे. कोणती तार मुळात कुठे जात होती ते नुसतं बघून कळत नव्हतं.

आत १२ व्होल्टचा सप्लाय, एक कंट्रोल बोर्ड, अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यावर पितळी नळ्यांतले तीन लेझर, तिन्ही किरण एका रेषेत आणणारे रंगीत आरसे, नक्षीची चकती फिरवणारी मोटर, आणि या सगळ्याच्या मध्ये तळहाताएवढा ड्रायव्हर बोर्ड. त्याच्यावर छापलेली अक्षरं लाखेखाली दिसेनाशी झालेली, आयसीचे नंबर कारखान्यातच घासून काढलेले. पेटी पावसाळाभर किनाऱ्याजवळच्या खोलीत पडून होती, त्यामुळे तांब्यावर हिरवट थर. आपल्याकडे समुद्रावरची हवा लोखंडाच्या आधी कनेक्टरांना खाते.

आधी आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि जुना टूथब्रश घेऊन बोर्ड धुतला, टेबल-लॅम्पखाली तासभर वाळवला. मग दोन्ही बाजूंचे मोबाइलवर फोटो काढले आणि खालच्या बाजूचा फोटो उलटा करून वरच्याशेजारी ठेवला, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर जुळवून बघता येतात. सप्लाय जोडला नाही. लेझर तर सुट्टे करून, त्यांचे दोन्ही पाय तारेने एकमेकांना गुंडाळून डब्यात ठेवले. लेझर डायोड स्थिर विजेनेही मरतो. उलट्या दिशेने त्याला दोन व्होल्टसुद्धा मोठा झटका असतो.

बोर्डावर कनेक्टर असे होते : दोन पिनांचा सप्लाय, दोन-दोन पिनांचे तीन एकसारखे आउटपुट, पंख्यासाठी एक, थर्मिस्टरचा, म्हणजे तापमान सांगणाऱ्या रोधकाचा, एक, आणि पाच पिनांचा एक सिग्नलचा. पाचातल्या चार पिनांचा अंदाज कुणीही बांधेल : तीन रंग आणि एक ग्राउंड, म्हणजे सप्लायची ऋण बाजू. पाचवी कशाला, ते शेवटपर्यंत डोक्यात राहिलं.

ग्राउंड शोधणं सोपं. मीटरची दोन टोकं एकमेकांशी जोडलेल्या जागांवर धरली की तो बीप देतो. मोठ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या अंगावरची पट्टी जिकडे असते तो पाय ऋण, त्याच्याशी जे जे बीप देतं ते ग्राउंड. बोर्डाचे चारही स्क्रूचे छिद्रही त्याच्याशी बीप देत होते. म्हणजे पेटीचा पत्रा आणि ग्राउंड एकच. हे वहीत लिहून ठेवलं, पण त्याचा अर्थ तेव्हा पुरता ध्यानात आला नाही.

मग आउटपुट. नवखा माणूस असं धरून चालतो की प्रत्येक आउटपुटची एक पिन ग्राउंड असणार, कारण तार काळी आहे. मीटरने तिन्ही आउटपुट तपासले, तर सहा पिनांपैकी एकही ग्राउंडशी बीप देईना. दोन आउटपुटची धन पिन थेट १२ व्होल्टच्या रेषेवर होती. तिसऱ्याची धन पिन एका छोट्या कॉइलपाशी जात होती, म्हणजे १२ चे ५ व्होल्ट करणाऱ्या भागावर. आणि तिन्ही ऋण पिना एकेका मॉसफेटच्या ड्रेनवर. मॉसफेट म्हणजे करंटचा नळ : ड्रेन वरचं तोंड, सोर्स खालचं, गेट ही चावी. मॉसफेटच्या सोर्सपासून एक चौकोनी रोधक ग्राउंडला. त्यावर आर ५०० लिहिलेलं, म्हणजे अर्धा ओहम.

इथे बोर्डाची रीत उलगडली. लेझर डायोडला ठराविक व्होल्टेज देऊन चालत नाही, करंट ठराविक लागतो. हा बोर्ड करंट खालच्या बाजूने पकडतो. वरून धन थेट मिळतं, डायोडमधून येणारा करंट मॉसफेटमधून उतरतो आणि अर्ध्या ओहमवर जेवढं व्होल्टेज पडतं ते ऑप-अ‍ॅम्प बघत राहतो. (ऑप-अ‍ॅम्प म्हणजे दोन व्होल्टेज ताडून बघणारा भाग.) सिग्नलकडून ०.१ व्होल्ट आलं, तर अर्ध्या ओहमवर तेवढंच पडेपर्यंत मॉसफेट उघडतो, म्हणजे २०० मिलिअँपिअर. लेझरची काळी तार इथे ग्राउंडवर नाही, ग्राउंडच्या एक मजला वर आहे. तिला पत्र्याला टेकवलं की मॉसफेट आणि रोधक दोन्ही बाजूला पडतात आणि डायोड सरळ सप्लायवर येतो.

पाच व्होल्टच्या रेषेवरचा चॅनल लालचा, हे लगेच कळलं. लाल डायोडला साधारण सव्वादोन ते पावणेतीन व्होल्ट लागतात. त्याला १२ वरून चालवलं, तर बाकीचे नऊ व्होल्ट मॉसफेट गरम करण्यात जातील. निळ्याला चार ते पाच, थेट हिरव्याला, म्हणजे ५२० नॅनोमीटरच्या डायोडला, सहाच्या आसपास. म्हणून ते दोघे १२ वर. जुन्या पद्धतीचा ५३२ नॅनोमीटरचा हिरवा आत ८०८ च्या अदृश्य डायोडने स्फटिक पेटवतो आणि त्याला दोनच व्होल्ट लागतात, तो या रेषेवर बसवला नसता. हिरव्याची नळीही आखूड होती, स्फटिकाचा लांब दांडा नव्हता.

आता उरलेल्या दोघांत हिरवा कुठला, निळा कुठला? इथे चूक परवडत नाही. निळ्यासाठी लावलेला करंट हिरव्याला गेला, तर हिरवा गेला. दोन्ही प्रीसेटवर, म्हणजे करंट ठरवणाऱ्या बारीक स्क्रूंवर, नेलपॉलिशचा ठिपका होता, म्हणजे कारखान्याचं सेटिंग कुणी हलवलं नव्हतं, आणि मागच्या माणसाचं हे एक बरं होतं. पण ते सेटिंग वाचायचं, तर आधी ऑप-अ‍ॅम्प ओळखायला हवा.

घासलेल्या आयसीची ओळख पायांवरून पटते. चौदा पायांची होती. चौथा पाय १२ व्होल्टशी बीप, अकरावा ग्राउंडशी. चार ऑप-अ‍ॅम्पच्या एलएम३२४ ला पुरवठा याच दोन पायांवर असतो. मग १, ७, ८, १४ ही आउटपुट आणि ३, ५, १०, १२ हे धन इनपुट, हे पाठच आहे. पहिले तीन ऑप-अ‍ॅम्प तीन मॉसफेटच्या गेटला गेलेले, चौथा थर्मिस्टर बघून पंखा चालू करणारा. थर्मिस्टरही तपासला : दुकानात तीस अंश, मीटरवर आठ किलोओहम. पंचवीस अंशांना दहा किलोओहम असणाऱ्याला ते शोभतं. पंखा ठीक. त्या बाजूला पुन्हा बघितलं नाही.

डायोडच्या जागी मग खोटा भार बांधला. १एन५४०८ डायोड ओळीने : लालसाठी तीन, निळ्यासाठी सहा, हिरव्यासाठी आठ, आणि प्रत्येक ओळीत एक ओहमचा रोधक. एकेक डायोड पाऊण व्होल्टच्या आसपास घेतो, म्हणजे बोर्डाला समोर खरा लेझर आहे असंच वाटतं. एक ओहमवर जेवढे मिलिव्होल्ट, तेवढे मिलिअँपिअर, गणित करावं लागत नाही. हे बांधायला शंभर रुपयेही लागत नाहीत. लेझरवर बोर्डाची परीक्षा घेणारे लोक मी बघितलेत, आणि लेझर विकणाऱ्यांचा धंदा त्यांच्यावरच चालतो.

बेंच सप्लायची मर्यादा १०० मिलिअँपिअरवर बांधून १२ व्होल्ट दिले. बोर्डाने तीसेक मिलिअँपिअर घेतले, काही तापलं नाही. सिग्नलच्या पिनेवर जुन्या मोबाइल चार्जरचे ५ व्होल्ट पॉटमधून, म्हणजे कमी-जास्त करता येणाऱ्या रोधकातून, दिले. तिन्ही चॅनल शून्य. पिन ३, ५, १० वर मीटर धरला तर तिथेही जवळपास शून्य. सिग्नल आत येतोय, पण ऑप-अ‍ॅम्पच्या दारातच कुणीतरी त्याचा पाय ओढतोय.

प्रत्येक धन इनपुटजवळ तीन पायांचा एक बारीक ट्रान्झिस्टर होता, अंगावर जे३वाय. हा एस८०५०, साधा एनपीएन : बेसला व्होल्टेज मिळालं की कलेक्टर एमिटरशी जोडणारा. तिघांचे कलेक्टर एकेका इनपुटवर, एमिटर ग्राउंडवर. तिघांच्या बेसकडे एकेका रोधकातून येणारी रेषा एकच, तिला ४७ किलोओहममधून १२ व्होल्टची ओढ. आणि तीच रेषा सिग्नल कनेक्टरच्या पाचव्या पिनेवर.

मोठ्या शो-लेझरला पंचवीस पिनांचा ठरलेला कनेक्टर असतो. त्यात लाल ५ वर, हिरवा ६ वर, निळा ७ वर, आणि ४ व १७ या दोन पिना फक्त इंटरलॉकसाठी. ती दोन टोकं जोडलेली असतील तरच लेझर पेटावा, एवढंच त्यांचं काम. ते आठवलं आणि पाचवी पिन कळली. ही पिन ग्राउंडला जोडलेली असेल तर बेस खाली, ट्रान्झिस्टर बंद, सिग्नलला वाट मोकळी. पिन अधांतरी असेल तर ४७ किलोओहम बेसला वर ओढतो, तिन्ही ट्रान्झिस्टर सिग्नल जमिनीवर पाडतात, तिन्ही रंग काळे. तार तुटली, कनेक्टर निसटला, गंज चढला, काहीही झालं तरी निकाल अंधाराचाच लागावा अशी मांडणी. ज्याने कुणी हा बोर्ड काढला, त्याला नंबर घासण्याची लाज वाटली नसली तरी डोळ्यांची काळजी होती.

पाचवी पिन ग्राउंडला टेकवली आणि खोट्या भारावर आकडे उमटले.

पेटीत परत बघितलं तेव्हा झाकणाच्या कडेला एक मायक्रोस्विच सापडला. झाकण बसलं की दाबला जाणारा. त्याच्या पायांवर हिरव्या बुरशीसारखा थर, एका पायाची तार नुसती टेकलेली. मीटर धरला, स्विच दाबला, बीप नाही. दहा वेळा दाबला तेव्हा एकदा कुईं केलं.

सगळी साखळी इथून मागे जुळते. पावसाळ्यात स्विच गंजला, बोर्डाने नियमाप्रमाणे तिन्ही रंग बंद केले. मागच्या दुरुस्तीवाल्याने बघितलं असणार, की लेझरच्या लाल तारेवर व्होल्टेज येतंय, पण काळ्या तारेला ग्राउंड मिळत नाही. हे दोन्ही खरंच होतं. मग त्याने लालची काळी तार पत्र्याच्या स्क्रूला आवळली. ती तिथेच होती, टेपखाली. पाच व्होल्ट सरळ डायोडवर गेले आणि लाल क्षणभर लखलखून गेला असणार. त्याला सगळा दोष देववत नाही. गाडीच्या वायरिंगमध्ये, घराच्या इन्व्हर्टरमध्ये, आपल्या सगळ्या सवयीत काळी म्हणजे जमीन. शिवाय मेलेला लेझर डायोड बऱ्याचदा अंधार करत नाही, त्याच्या आतला बारीक आरसा फुटतो आणि तो साध्या एलईडीसारखा मिणमिणत राहतो. मिणमिणता लाल बघून 'थोडा वीक आहे, पण चालू आहे' असं कुणालाही वाटेल. हिरव्या-निळ्याला त्याने हात लावला नाही, हे नशीब.

शिकलेल्या माणसाचाही हात कसा चुकतो ते सांगायला हवं. मल्टिमीटर सरासरी दाखवतो. सिग्नल चालू होताना मायक्रोसेकंदाचा उंच काटा, म्हणजे करंटची क्षणिक उसळी, आला तर तो मीटरला दिसत नाही, डायोडला मात्र दिसतो. म्हणून स्कोप, म्हणजे सिग्नलचा आकार पडद्यावर दाखवणारं यंत्र, काढला. तोवर बोर्ड पेटीच्या स्वतःच्या सप्लायवर घेतला होता. १२ व्होल्टवरच्या एका चॅनलच्या एक ओहमवरचा आकार बघायचा म्हणून प्रोब एका टोकाला आणि स्कोपची काळी क्लिप दुसऱ्या टोकाला लावली, म्हणजे मॉसफेटच्या ड्रेनवर. स्कोपची क्लिप भिंतीतल्या अर्थला जोडलेली, पेटीचा पत्राही त्याच स्विचबोर्डातून अर्थला. रोधकातून पांढरा धूर आला आणि मी प्लग ओढेपर्यंत दुकानभर तो ओळखीचा वास. दोन दिवस मनातल्या मनात ज्याला नावं ठेवत होतो, त्याचीच चूक, फक्त महागड्या यंत्राने. समोर खोटा भार होता म्हणून नुकसान चार रुपयांचं झालं. नंतर प्रोब अर्ध्या ओहमच्या वरच्या टोकाला लावला, क्लिप खऱ्या ग्राउंडवर, आणि काटा नाही हे पाहून घेतलं. आमच्याकडे जांभ्यात खड्डा खणून धड अर्थिंग मिळत नाही म्हणून मी नेहमी तक्रार करतो. त्या दिवशी दुकानातल्या दुकानात मात्र ते उत्तम चाललं.

आता हिरवा-निळा. पूर्ण सिग्नलला एका चॅनलच्या इनपुटवर ०.४५ व्होल्ट, म्हणजे ९०० मिलिअँपिअर, दुसऱ्यावर ०.२, म्हणजे ४००. जास्त करंटचा निळा असावा असा माझा कयास होता, पण कयासावर लेझर जोडायचा नाही. कंट्रोल बोर्डावरची अक्षरं शाबूत होती. तिथून एकेक सिग्नल तार टेप सोडवत पाच पिनांपर्यंत आणली. कयास बरोबर निघाला. वहीत शेवटी हे राहिलं : पहिली पिन ग्राउंड, दुसरी लाल, तिसरी हिरवा, चौथी निळा, पाचवी झाकणाच्या स्विचमधून ग्राउंड. तिन्ही आउटपुटची धन पिन बोर्डाच्या कडेकडे, ऋण आतल्या बाजूला.

सुट्टे लेझर मीटरच्या डायोड मोडवर तपासून काही कळत नाही, हेही जाता जाता. निळ्या-हिरव्याला मीटरचे दोन-तीन व्होल्ट पुरतच नाहीत, तो 'ओपन' दाखवतो आणि माणूस धडधाकट लेझर भंगारात टाकतो.

नवीन लाल मॉड्यूल कुरिअरने मागवलं. बसवण्याआधी सवयीने मीटर फिरवला, तर त्याची पितळी नळी स्वतःच्या काळ्या तारेशी बीप देत होती. ठोकळा अ‍ॅल्युमिनियमचा, ठोकळा पत्र्याला, पत्रा ग्राउंडला. म्हणजे तार कुठेही न चुकता, नुसती नळी स्क्रूने आवळली असती तरी हा लालही पहिल्याच्या वाटेने गेला असता. जुन्या लालखाली राखाडी सिलिकॉनची पट्टी आणि नायलॉनचे स्क्रू होते ते याचसाठी. ती पट्टी पेटीच्या तळाशी चुरगळलेली सापडली, स्क्रू नव्हतेच. नवे नायलॉनचे स्क्रू लावले, नळी आणि ठोकळा यांत बीप नाही याची तीनदा खात्री केली. मग सप्लाय बंद, आउटपुटवरचा कपॅसिटर शंभर ओहमने रिकामा, लालचा प्रीसेट सगळ्यात खाली, आणि तेव्हा कुठे लेझर जोडला. भरलेल्या कपॅसिटरवर डायोड जोडला तर त्याला मरायला सप्लायचीही गरज लागत नाही. प्लेटवर २५० मिलिअँपिअर लिहिलेलं, मी २०० वर थांबलो.

किरण जुळवणं रात्री, शटर ओढून केलं. तिन्ही रंग मिळून शक्ती अर्ध्या वॅटच्या वर जाते, म्हणजे लेझरच्या धोक्याचा सर्वांत वरचा, चौथा वर्ग. भिंतीवरचा ठिपकाही जवळून टक लावून बघण्यासारखा नाही. माझा नारिंगी चष्मा निळा-हिरवा अडवतो, लाल सरळ जाऊ देतो. म्हणून एकेक रंग वेगळा, शक्य तेवढ्या कमी करंटवर, समोर काळा केलेला मॅट पत्रा.

आबांना पेटी परत देताना एका गोष्टीवर मी अडून बसलो. चकती फिरायची थांबली, तर किरण एका जागी सरळ सुटतो. २०२३ च्या गणेशोत्सवानंतर पुण्यातून लेझरमुळे डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याच्या बातम्या आल्या होत्या, त्या मी त्यांना सांगितल्या. देवळाच्या अंगणात पोरं रंगमंचाला चिकटून बसलेली असतात. पेटी पुढून लावायची नाही, बाजूने आणि माणसांच्या डोक्यावरून, फक्त मागच्या पडद्यावर. शिवाय काचेपुढे मी दुधी अ‍ॅक्रिलिकची सरकती पट्टी बसवली.

आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "राक्षस मरूक व्हयो रे, बघणारे नको."

झाकणाचा स्विच रबरी टोपीचा, बंद प्रकारचा लावला. तो नको, तार सरळ जोडून टाक म्हणजे पुढच्या पावसाळ्यात ही कटकट नको, असं आबांचं म्हणणं होतं. मी जोडली नाही. दर पावसाळ्याआधी पेटी दुकानात आणून ठेवायची असं ठरलं. पाच पिनांची आकृती पेनाने काढून झाकणाला आतून चिकटवली, आणि लालच्या काळ्या तारेवर काळ्याऐवजी पिवळी टेप.

तिन्ही रंग मिळून होणारा पांढरा मात्र पूर्वीसारखा जमला नाही. जुना लाल ६३८ नॅनोमीटरचा होता, नऊ दिवसांत मिळाला तो ६५०. तेवढ्याच शक्तीला ६५० चा लाल डोळ्याला ६३८ च्या निम्म्यासारखा वाटतो, त्यामुळे पांढरा हिरवट-निळसर पडला. हिरवा आणि निळा खाली आणून तो थोडा सुधारला, सगळा प्रकाश जरा मंद झाला. आबांनी पडद्यावर बघितलं आणि विचारलं, एकटो तांबडो कसो दिसता? एकटा लाल चांगला दिसत होता. मग ठीक, म्हणाले, आणि पेटी स्कूटरच्या पायाशी ठेवून मोचेमाडच्या रस्त्याला लागले.